सही हजेरीची की संमतीची?



आम्ही कारकून माणसे. सभेला कोण आले, काय बोलले, हे टिपले की 'चर्चा झाली' असा शेरा मारता येतो, हे आम्हांस ठाऊक आहे. कॅनडात असेच घडले.

तेथील मूळ रहिवाशांची स्वतःची राष्ट्रे आहेत. त्यांच्या भूमीतून ट्रान्स माउंटन तेलवाहिनी वाढवायची होती. सरकारने बैठका घेतल्या, मंजुरी दिली. ऑगस्ट २०१८ मध्ये तेथील फेडरल अपील न्यायालयाने ती रद्द केली. का? सरकारी प्रतिनिधी म्हणणे नुसते लिहून घेत होते. त्यावर खरा विचार झालाच नाही.

मग पुन्हा बैठका झाल्या, २०१९ मध्ये पुन्हा मंजुरी मिळाली. काही राष्ट्रांनी करार केले, काही विरोधातच राहिली. विचारणे बंधनकारक आहे, पण नकाराधिकार नाही, असे २०२० मध्ये न्यायालयाने सांगितले. २०२४ पासून तेल वाहते आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यात मात्र 'संमती' हा शब्द आहे. दडपणाविना, काम सुरू होण्याआधी आणि पूर्ण माहितीनिशी दिलेली संमती. आपल्याकडे २०१३ साली ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी खाणीला 'नाही' म्हटले आणि खाण थांबली. तिथे 'नाही'ला किंमत होती.

ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला अर्थ काय?

म्हणून वस्तीत कोणी कागद पुढे केला, तर शिकलेल्या लेकीकडून आधी वाचून घ्या. सही हजेरीची की संमतीची, हे विचारा. मगच पेन उचला.