छत्तीस अधिकारी आणि विस्मृतीचे गणित

गरम चहा निवतो आणि काही वेळाने तो आरंभी किती गरम होता, हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. उष्णता भोवतालच्या हवेत गेलेली असते, म्हणून यात नवल वाटत नाही. परंतु जालकाच्या घराघरांत बसवलेले, शेजाऱ्यांशी परस्परक्रिया करणारे आणि बाहेरच्या जगापासून पूर्णपणे तोडलेले क्वांटम कण घेतले तर? क्वांटम नियमांनुसार त्यांची माहिती नष्ट होऊच शकत नाही. तरीही असे कण बहुधा समतोलाकडे जातात आणि आपला भूतकाळ विसरल्यासारखे वागतात. ही विस्मृती नेमकी कशी घडते?

केवळ संगणकाच्या बळावर हे उत्तर मिळत नाही. प्रत्येकी दोनच अवस्था असलेले ५० कण घेतले, तरी त्यांचे वर्णन करण्यास अकरा कोटी कोटींहून अधिक संख्या लागतात. म्हणूनच कागदावर अचूक सुटणारी प्रतिमाने मोलाची ठरतात. २०१९ मध्ये बर्टिनी, कोस आणि प्रोसेन यांनी अशा प्रतिमानांचा एक वर्ग मांडला. त्यांत स्थळ आणि काळ यांची अदलाबदल केली, तरी गतीचे नियम तितकेच सुसंगत राहतात. त्यामुळे कणांमधील सहसंबंध किती वेगाने विरतात, हे नेमके काढता येते.

येथे अड्यारचा संबंध येतो. आयआयटी मद्रासमधील सुहैल अहमद राथर, एस. अरविंदा आणि अरुल लक्ष्मीनारायण यांनी २०२० मध्ये अशी प्रतिमाने विपुल संख्येने घडवण्याची रीत दिली. त्याच रीतीच्या आधारे, पोलंडमधील सहकाऱ्यांसह, २०२२ मध्ये एक अनपेक्षित फळ हाती आले. सहा पलटणींतील सहा हुद्द्यांचे ३६ अधिकारी चौरसात असे उभे करायचे, की प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक हुद्दा व प्रत्येक पलटण एकदाच यावी, हे ऑयलरचे १७७९ चे कोडे. ते सुटणे अशक्य आहे, हे गास्तोन तारी यांनी १९०० च्या सुमारास सिद्ध केले होते. मात्र अधिकारी एकमेकांत गुंतलेल्या क्वांटम अवस्थांत असू शकतात असे मानले, तर ते सुटते.

बातम्यांत कोड्याचे नवल ठळक झाले आणि भौतिकी मागे पडली. ऑयलर चुकला नव्हता. प्रश्नच बदलला होता. खरे महत्त्व असे, की ही उकल म्हणजे प्रत्येकी सहा अवस्था असलेल्या दोन कणांमधील एक परस्परक्रिया आहे. तिच्यापासून जालक रचले, तर एकेका कणाच्या मोजमापांतील सहसंबंध तत्काळ नाहीसे होतात. विस्मृतीची ही परिसीमा होय.

राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. तरतूद ६,००३.६५ कोटी रुपयांची, आणि आठ वर्षांत ५० ते १००० क्यूबिटांचे संगणक हे एक उद्दिष्ट. क्वांटम संप्रेषणाचे केंद्र आयआयटी मद्रासकडेच आहे, तर संवेदन व मापनाचे आयआयटी मुंबईकडे. उपकरणांवरचा हा भर योग्यच आहे. देशाला ती हवीत. परंतु क्यूबिटांची संख्या हाच यशाचा एकमेव मापदंड मानणे घातक ठरेल. परस्परक्रिया करणारे हजार क्यूबिट हेही एक जालकच आहे, आणि ते आपली माहिती किती काळ जपेल, हा प्रश्न समतोलापासून दूर असलेल्या गतिशास्त्राचा आहे. तो दुर्लक्षिला, तर यंत्र का फसले हे सांगणारे कोणी उरणार नाही.

अशा संशोधनाला अवाढव्य प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती शिष्यवृत्तीची शाश्वती, सवड आणि ‘याचा उपयोग काय’ असे दर सहा महिन्यांनी न विचारणारी व्यवस्था. छत्तीस अधिकाऱ्यांची उकल कोणत्याही उद्दिष्टांच्या यादीत बसली नसती. ती हाती आली, कारण दुसऱ्याच एका प्रश्नाचा कोणी निष्ठेने पाठपुरावा करत होते. मिशनच्या खर्चातील लहानसा वाटा अशा पाठपुराव्यासाठी राखून ठेवणे, हा त्यातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दूरदर्शी निर्णय ठरेल.