मामूंचं सी हॉक

मुलांच्या हातातला मोबाईल कसा सोडवायचा, हा प्रश्न या सदराकडे पुन्हा पुन्हा येतो. घरातली मोठी माणसं गप्प गप्प राहतात, त्यांना बोलतं कसं करायचं, हाही येतो. या वेळी दोन्ही प्रश्नांवर उपदेश करत नाही. आमच्या घरात गेल्या वर्षी काय घडलं, तेवढंच सांगते.

माझा धाकटा भाऊ कुवेतला असतो. मे महिन्यात तो घरी आला, तेव्हा माझ्या मुलासाठी एक खोका घेऊन आला. वर विमानाचं चित्र, आत प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शे-पाऊणशे बारीक भाग, आणि बोटभर अक्षरही नसलेली, नुसत्या आकृत्यांची सूचना-पुस्तिका. विमानाचं नाव सी हॉक. मुलगा नववीतला. त्याला वाटलं, तासाभराचं काम. माझ्या मनात मात्र दुसरंच आलं. सी हॉक म्हणजे मामूंचं विमान.

माझे मामू तरुणपणी नौदलात होते, विमानांची देखभाल करणाऱ्या शाखेत. पंधरा वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी गोव्यात दाबोळीला, आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर. मग महाडला परत आले आणि छोटं वर्कशॉप टाकलं. आमच्या लहानपणी घरात कुणी पाहुणा आला की अम्मी हमखास सांगायची, "माझा भाऊ एकाहत्तरच्या लढाईत विक्रांतवर होता." मामू त्यावर काही बोलायचे नाहीत. आम्हाला तो त्यांचा विनय वाटायचा.

22 जुलै 2021 ची तारीख महाडकरांना सांगावी लागत नाही. त्या दिवशी सावित्री आणि गांधारीचं पाणी शहरात शिरलं, त्याच दिवशी तळियेवर डोंगर आला, पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. आमची माणसं वाचली, अल्लाहचे शुक्र. पण मामूंचं तळमजल्यावरचं घर बुडालं. खाटेखालच्या ट्रंकेत त्यांचं सर्व्हिस बुक आणि फोटोंचा आल्बम होता. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली, तर आत चिखलाचा एक गोळा. फोटो एकमेकांना असे चिकटले होते, की सोडवायला जावं तर चेहरेच निघून येत. त्यानंतर मामू मुलीकडे पोलादपूरला राहायला गेले. नौदलाचं नाव त्यांच्या तोंडी येईनासं झालं. माझ्या मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी एकदा विचारलं, तर म्हणाले, "होतो तिथं. झालं."

म्हणून मी मुलाला म्हटलं, "हे विमान इथे करू नकोस. दर शनिवारी शाळा सुटली की एसटीने नानांकडे जायचं आणि तिथे करायचं." मामूंना तो नाना म्हणतो.

आता थोडं या विमानाविषयी. मॉडेल होतं एकास बहात्तर मापाचं, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तर इंचांना इथे एक इंच. खरं सी हॉक सुमारे 12 मीटर लांब. मॉडेल भरतं जेमतेम 17 सेंटिमीटर. ब्रिटिश बनावटीचं, एका वैमानिकाचं, एकाच जेट इंजिनाचं हे विमान. पण इंजिनाचा धूर शेपटीतून निघत नाही. आतली नळी दोन फाट्यांत विभागते आणि पंखांच्या मागे, दोन्ही कुशींतून बाहेर पडते. पंख वर दुमडतात, कारण जहाजाच्या पोटात जागा कमी. शेपटीखाली एक आकडा असतो. उतरताना तो डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात अडकतो आणि विमान थांबतं.

आपली पहिली विमानवाहू नौका आयएनएस विक्रांत 4 मार्च 1961 रोजी बेलफास्टला नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला आली. तिच्यावरची लढाऊ विमानं म्हणजे ही सी हॉक. पथकाचं नाव व्हाइट टायगर्स, म्हणजे पांढरे वाघ. 4 डिसेंबर 1971 रोजी विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले, तेही नौकेच्या एका बॉयलरला तडा गेलेला असताना. 1983 मध्ये सी हॅरियर आली आणि सी हॉकचे दिवस संपले.

पहिल्या शनिवारी मुलाने घाई केली. धडाचे दोन अर्धे भाग चिकटवले, पंख लावले, चाकं लावली आणि विमान मोठ्या ऐटीत टेबलावर ठेवलं. ते ताबडतोब शेपटीवर बसलं, नाक आभाळाकडे. मामू खिडकीशी खुर्चीत बसले होते. दोन तासांत त्यांनी इकडे पाहिलंही नव्हतं. ते एकदम हसले.

"नाकात वजन घातलं नाहीस, बेटा. पुढचं चाक हलकं पडलं."

पुस्तिकेत त्याची आकृती होती, मुलाने ती ओलांडली होती. आता ते उघडायचं कसं? या कामाचा डिंक कागदाच्या डिंकासारखा नसतो. तो प्लास्टिक विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. मामूंनी बारीक पातं मागवलं आणि सांधा नाकाकडून हळूहळू सोडवत आणला. हात थोडा थरथरत होता, तरी पातं रेषेवरून घसरलं नाही. शेजारी सावित्रीत जाळं टाकणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडून जाळ्याला लावतात ती शिशाची मणी आणली आणि पुढच्या चाकाच्याही पुढे, नाकात बसवली. शिशाला हात लावल्यावर साबणाने हात धुवायला लावले, दोनदा. विमान तीन चाकांवर उभं राहिलं. त्या दिवसापासून खुर्ची खिडकीशी नव्हती, टेबलाशी होती.

पुढचं काम सब्राचं. सांध्यावर पुट्टी भरायची, वाळली की पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने घासायची, मग करड्या प्रायमरचा एक हात द्यायचा. प्रायमर फार चुगलखोर. डोळ्याला न दिसलेली प्रत्येक फट आणि प्रत्येक ओरखडा तो दाखवून देतो. मुलाला चार वेळा पुन्हा घासावं लागलं. मी विचारलं, "कंटाळा नाही आला?" म्हणाला, "नाना म्हणतात, खऱ्या विमानालाही असंच रोज बघावं लागायचं. खारा वारा बारीकशा ओरखड्यातून आत शिरतो आणि पत्रा खातो. समुद्रावरून आलेलं विमान आधी गोड्या पाण्याने धुवायचे." ही गोष्ट मी चाळीस वर्षांत मामूंकडून ऐकली नव्हती.

जुलैत रंग लावायचा प्रयत्न केला आणि फसला. आपल्याकडच्या पावसात हवा इतकी ओली, की फवारलेला रंग पांढुरका पडला आणि आठवडाभर बोटाला लागत राहिला. सगळा पुसून काढला. दिवाळीच्या सुट्टीत, कोरड्या उन्हात पुन्हा सुरुवात केली. आधी पोटाकडचा फिकट रंग, किंचित हिरवट झाक असलेला. तो पूर्ण वाळल्यावर त्यावर टेप लावून वरचा गडद करडा. फिकट आधी, गडद नंतर, हा क्रम मोडायचा नाही. आणि एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्यायचे.

खोक्यातल्या खुणा ब्रिटिश नौदलाच्या होत्या. आपलं तिरंगी चक्र हाताने करायचं ठरलं. कंपासने टेपवर गोल आखून कापले, मधल्या ठिपक्यासाठी कागदाला भोक पाडायचा पंच वापरला. मुलाने पहिलं चक्र केलं ते बाहेर हिरवं, आत केशरी.

"उलटं झालं," मामू म्हणाले. "बाहेर केशरी, मग पांढरा, मधोमध हिरवा."

"नाना, एवढंसं तर आहे. कोणाला कळणार?"

"मला कळलं ना."

मुलाने ते खरवडून पुन्हा केलं. पुढे त्याने चकचकीत वॉर्निश मारलं, तर मामूंनी तेही उतरवायला लावलं. समुद्रावरचं विमान शोरूममधल्या गाडीसारखं चमकत नाही. ऊन आणि मीठ त्याचा रंग खातात. मग शेवटचा हात बिनचमकीचा दिला. नाकाखालच्या चार तोफांच्या तोंडाशी आणि दोन्ही कुशींतल्या धुराच्या भोकांमागे काळ्या रंगाची कोरडी बोटं फिरवली. पंख मामूंच्या सांगण्यावरून दुमडलेले ठेवले. "शेडमध्ये मी त्याला असंच बघायचो," म्हणाले.

शेवटच्या शनिवारी मीही पोलादपूरला गेले. मुलाने लाकडाची पट्टी घासून पाया केला होता आणि त्यावर लावायला सुंदर अक्षरात चिठ्ठी लिहून आणली होती: सी हॉक, आयएनएस विक्रांत, डिसेंबर 1971. त्याखाली मामूंचं नाव.

मामूंनी चिठ्ठी हातात घेतली. बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "हे बरोबर नाही. मी विक्रांतवर नव्हतो."

आम्ही दोघं बघतच राहिलो.

"लढाई झाली तेव्हा मी दाबोळीला होतो. दुरुस्तीच्या शेडमध्ये. माझ्या बरोबरीची पोरं जहाजावर गेली, माझं नाव यादीत आलं नाही. घरी आलो तेव्हा लोक म्हणाले, विक्रांतवर होता. मी नाही म्हटलं नाही. मग तुझी अम्मी सांगत राहिली. एवढ्या वर्षांनी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?" थोडं थांबून म्हणाले, "ट्रंक वाहून गेली तेव्हा मला दुःख झालं. पण खरं सांगतो, आतून सुटल्यासारखंही वाटलं. सर्व्हिस बुकात सगळं लिहिलेलं होतं ना."

मला काय बोलावं सुचेना. मुलालाच सुचलं. त्याने विचारलं, "नाना, मग त्या शेडमध्ये तुम्ही काय करायचा?"

आणि मामू बोलू लागले. मग्रिबची अजान झाली तेव्हा थांबले, नमाज झाल्यावर पुन्हा बोलू लागले. पंखांच्या दुमडीच्या बिजागऱ्या, दोन फाट्यांची ती नळी, रात्री टॉर्चच्या उजेडात शोधलेला एक हरवलेला नट. तो मिळेपर्यंत विमान उडू द्यायचं नाही, असा कायदा होता. त्यात लढाईची एकही गोष्ट नव्हती. पण वैमानिक जमिनीवरून उचलला जातो तो या माणसांच्या सहीवर, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा समजलं.

वाचकहो, मी यावर खूप विचार केला. मामूंना खोटं बोलायचं नव्हतं, त्यांनी फक्त एक चूक तशीच राहू दिली. अशा चुका प्रत्येक घराण्यात असतात. पुराने पुरावा नेला होता. ती चिठ्ठी तशीच लागली असती, तर कुणालाही कधी कळलं नसतं. पण ज्या टेबलावर सहा महिने चक्राचा रंग बरोबर हवा म्हणून मुलाला खरवडायला लावलं, त्या टेबलावर त्यांना चुकीची चिठ्ठी लावता आली नाही. मी समोर बसवून, "मामू, आठवणी सांगा" म्हटलं असतं, तर "होतो तिथं, झालं" एवढंच मिळालं असतं. हातात काम असलं की नजर कामावर राहते, आणि जड गोष्टी सांगणं थोडं सोपं जातं. तुमच्या घरी विमानच हवं असं नाही. जुनं शिलाई मशीन असेल, जाळं असेल, वडिलांचं घड्याळ असेल. मूल आणि म्हातारं माणूस यांच्या मध्ये ते ठेवा आणि तुम्ही थोड्या दूर बसा.

हा छंद कुणाला करायचा असेल तर सांगते: भाग चौकटीतून हाताने तोडू नका, नेलकटरने कापा. कडा नखांच्या कानशीने घासा. डिंक टूथपिकच्या टोकाने लावा. डिंक आणि रंगाचं काम खिडकी उघडी ठेवूनच करा. आणि रंगकाम पावसाळ्यात काढू नका.

विक्रांत आता नाही. 31 जानेवारी 1997 रोजी ती निवृत्त झाली, 2012 पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, 2014 मध्ये भंगारात विकली गेली आणि दारुखान्याला तोडली गेली. तिचं नाव घेतलेली नवी नौका 2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीला नौदलात आली. खरं सी हॉक मात्र गोव्यात दाबोळीजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात अजून उभं आहे. परीक्षा संपली की वीर स्टेशनवरून मडगावची गाडी पकडायची, असं नाना आणि नातवाचं ठरलं आहे. इन्शाअल्लाह, मीही जाईन.

मॉडेल सध्या पोलादपूरच्या घरात कपाटावर आहे, पुराच्या पाण्याला हात पोचणार नाही इतक्या उंच. खाली नवी चिठ्ठी आहे, या वेळी मामूंच्या हातची, अक्षर थोडं वाकडं: सी हॉक, दाबोळी, दुरुस्ती शेड.

अम्मीला आम्ही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं झालं, जहाजावर नव्हता. मी उगीच तेव्हा रात्र रात्र दुआ मागत बसले होते."