आठ दिशांची जॉयस्टिक, चार दिशांचा खेळ (थ्रेड)

जुना आर्केड गेम 'जसाच्या तसा' जतन केला, असे आज सर्रास म्हटले जाते. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की मूळ प्रोग्राम चिपमधून उतरवून घेतला आहे आणि तो आजच्या संगणकावर चालतो. हे काम मोलाचेच आहे. पण १९८० चा पॅक-मॅन केवळ चिपमध्ये नव्हता. त्याचा एक भाग जॉयस्टिकच्या तळाशी बसवलेल्या एका छोट्या पट्टीत होता, आणि त्या भागाची दखल घेण्याची गरज फार थोड्यांना वाटते.

जॉयस्टिकची रचना साधी असते. दांड्याच्या चार बाजूंना चार स्विच. दांडा उजवीकडे झुकला की उजवा दाबला जातो. तिरपा झुकला की शेजारचे दोन एकदम. म्हणजे चार दिशांच्या आणि आठ दिशांच्या जॉयस्टिकमध्ये स्विच तेवढेच, चार. फरक पाडते ती खालची पट्टी, जिच्या भोकात दांड्याचे टोक फिरते. चौकोनी भोकाचे कोपरे तिरप्या दिशांना असतील तर दांडा त्या कोपऱ्यांत शिरतो आणि आठ दिशा मिळतात. तीच पट्टी ४५ अंशांनी फिरवली की कोपरे वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे येतात, आणि तिरप्या वाटेवर भोकाची सपाट कड आडवी येते. जपानच्या सानवा कंपनीच्या जेएलएफ या लोकप्रिय जॉयस्टिकमध्ये तर ही सोय मुळातच ठेवलेली आहे.

तोरू इवातानी यांनी नामकोसाठी रचलेला पॅक-मॅन आणि निन्टेन्डोचा १९८१ चा डाँकी काँग हे दोन्ही चार दिशांच्या जॉयस्टिकसाठी लिहिलेले खेळ. दोन स्विच एकदम दाबले जाणार नाहीत, हे तिथे गृहीत आहे. पॅक-मॅनचा प्रोग्राम स्विच एका ठरावीक क्रमाने तपासतो. दोन दाबलेले असतील तर ज्याची पाळी आधी, त्याचा हुकूम चालतो. आठ दिशांच्या जॉयस्टिकवर खेळाडू उजवीकडून वर वळू पाहतो, हात क्षणभर तिरपा राहतो, आणि पॅक-मॅन वळण सोडून सरळ भुताच्या तोंडी जातो. खेळाडू स्वतःच्या हाताला दोष देतो. दोष हाताचा नसतो.

हे प्रकरण पॅक-मॅनमध्ये विशेष नाजूक आहे. वळणाच्या किंचित आधीच जॉयस्टिक वळवली तर पॅक-मॅन कोपरा तिरपा कापतो. तेवढ्यापुरता तो आडवा आणि उभा असा एकाच वेळी सरकतो. भुतांना ही सवलत नाही. पाठलाग करणाऱ्या भुतापासूनचे अंतर कोपऱ्याकोपऱ्याने वाढवत नेणे, हेच या खेळातील निम्मे कौशल्य. गंमत अशी की पडद्यावरची ही तिरपी चाल साधण्यासाठी हाताखालची जॉयस्टिक तिरपी जाऊ न देणारीच लागते.

चार दिशा म्हणजे त्या काळाची तांत्रिक गरिबी, असा एक समज आढळतो. तो टिकत नाही. १९८२ च्या रोबोट्रॉन: २०८४ मध्ये आठ दिशांच्या दोन जॉयस्टिक होत्या. त्याच वर्षीच्या गॉटलिबच्या क्यूबर्टमध्ये चार दिशांचीच जॉयस्टिक होती, पण ती ४५ अंशांनी फिरवून बसवलेली, कारण त्याचा नायक पिरॅमिडवर तिरप्याच उड्या मारतो. एकाच वर्षी, एकाच देशात, दोन वेगळे निर्णय. किती दिशा द्यायच्या हा रचनाकाराने केलेला विचार होता, आणि त्या विचाराची नोंद लाकूड, प्लास्टिक व धातूत झाली.

पुढे पारडे फिरले. १९९१ च्या स्ट्रीट फायटर टू मध्ये हात खालून तिरपा नेत पुढे आणल्याशिवाय आगीचा गोळा सुटत नाही. अशा खेळांच्या लोकप्रियतेमुळे आठ दिशांची जॉयस्टिक हीच नेहमीची ठरली. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये 'मुस्तफा' म्हणून गाजलेला कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स याच कुळातला.

१९९७ मध्ये निकोला साल्मोरिया यांनी सुरू केलेल्या मेम या प्रकल्पाने जुने खेळ संगणकावर आणले, आणि या अडचणीवर सॉफ्टवेअरचा उपायही दिला: दोन दिशा एकदम आल्या तर नव्याने दाबलेल्या दिशेला मान द्यायचा. उपाय हुशार आहे आणि बहुधा चालतोही. पण तो पोथीतील फाटलेला शब्द संपादकाने अंदाजाने भरावा, तसा आहे. १९८० च्या यंत्रात असा नियम नव्हता. तिथे पट्टीची कड हातालाच अडवत होती. संपादकाने भर घालायला हरकत नाही, मात्र ती कंसात दिसली पाहिजे.

एकाच कॅबिनेटमध्ये शेकडो खेळ भरणाऱ्याने प्रत्येक वेळी तळ उघडून पट्टी फिरवावी, ही अपेक्षा अवाजवीच. अल्टिमार्क या ब्रिटिश कंपनीच्या सर्वोस्टिकमध्ये खेळ निवडताच छोटी मोटर पट्टी फिरवते. खर्च वाढतो, पण उत्तर प्रामाणिक आहे. एकाच खेळासाठी ठेवलेल्या यंत्राला मात्र सबब नाही. पॅक-मॅनच्या चित्रांनी नटलेल्या कॅबिनेटवर आठ दिशांची जॉयस्टिक लावून 'अस्सल' असे म्हणणे ही दिशाभूल होय. त्यावर केलेले गुण जुन्या गुणांशेजारी मांडणेही तितकेच गैर.

त्या काळचे आर्केडचालक जुना खेळ चालेनासा झाला की तेच कॅबिनेट नव्या खेळासाठी वापरत: बोर्ड बदले, वरचे चित्र बदले, आणि जॉयस्टिकसह पुढचा फलकही. बोर्डावरील प्रोग्रामच्या प्रती निघू शकतात. फलक एकदा फेकला की फेकला. म्हणून संग्रहालयांनी खेळाचे नाव आणि वर्ष लिहिताना जॉयस्टिक किती दिशांची, पट्टी मूळची की नंतरची, हेही त्याच ओळीत लिहावे.