जांभळे रविवार
सीवूड्स स्टेशनच्या डोक्यावरच्या मॉलमधले दिवाळीचे कंदील उतरले, की कापसाचा बर्फ चढतो. नवी मुंबईच्या घामात हा बर्फ कुणाला पटतो कोण जाणे! चर्चमध्ये मात्र तेव्हा नाताळ नसतोच, असतो आगमनकाळ. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी तो सुरू होतो आणि नाताळाआधीचे ४ रविवार व्यापतो. फादरांचा झगा जांभळा, तिसऱ्या रविवारी तेवढा गुलाबी चालतो. ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगान रविवारीही गात नाहीत. पूर्वी या दिवसांत उपवास असत. चातुर्मासाचा धाकटा भाऊ म्हणा हवं तर. नेमक्या याच रविवारांवर सेलच्या पाट्या! दर ३ वर्षांनी या काळात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा उपदेश वाचला जातो. दोन अंगरखे असतील, तर एक नसलेल्याला द्या, असा त्याचा आशय. विटलेला तेवढा द्यावा, असं त्यात नाही. (आपण मात्र कपाट आवरलं, की दानशूर होतो.) गोव्यात नाताळाला कोन्सुआदची रीत आहे: नेवऱ्या, दोदोल, बिबिंक असे गोड पदार्थ ताटात मांडून शेजाऱ्यांकडे धाडायचं, हिंदू शेजाऱ्यांकडेही. गणेश चवथीला तिकडून नेवऱ्या येतातच. आपल्या सोसायट्यांत आता ॲपवरून केकचा खोका परस्पर दारात पडतो, देणारा दिसतही नाही. यंदा वाशीच्या बाजारात चकचकीत कागदापेक्षा नारळ जास्त खपावेत, अशी माझी इच्छा. दोदोलाला नारळाचं दूध भरपूर लागतं, आणि घोटायला शेजारचे दोन हातही.