विश्लेषण : नाव ‘मराठी’, पण कीबोर्ड कोणता?

सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीसाठी मराठी टायपिंगचे ३० शब्द प्रति मिनिटाचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी अमरावती, अकोल्यातील टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मुले-मुली सराव करतात. पण अनोळखी संगणकासमोर बसले की पहिला प्रश्न वेगाचा नसतो. यादीतला कोणता कीबोर्ड निवडायचा, हा असतो.

नावात गडबड काय?

विंडोजमध्ये एका कीबोर्डचे नाव नुसतेच ‘मराठी’ आहे. त्याची मांडणी इन्स्क्रिप्टची आहे, पण नावात तसे कुठेच नाही. ‘हिंदी ट्रॅडिशनल’ हाही इन्स्क्रिप्टच. टाइपरायटरवर हात बसलेल्याला ‘ट्रॅडिशनल’ म्हणजे जुना रेमिंग्टन वाटतो आणि पहिल्याच ओळीत अक्षरे भलतीच उमटतात. त्या मानाने २०१९ मध्ये आलेला ‘मराठी फोनेटिक’ बरा; उच्चारानुसार टाइप करायचे, हे नावच सांगते.

फाइलचे नाव काय सांगते?

विंडोजच्या मराठी कीबोर्डची फाइल ‘केबीडीआयएनएमएआर’ या नावाची आहे. इंग्रजीत ही मोजून आठ अक्षरे. डॉसच्या काळात फाइलच्या नावाला तेवढीच जागा असे, त्या सवयीचा हा वारसा. लिनक्सवर मात्र ‘एमआर-इन्स्क्रिप्ट२’ असे नाव दिसते. आधी भाषा, मग मांडणी, शेवटी आवृत्ती.

शेवटचा ‘२’ कशासाठी?

इन्स्क्रिप्ट मांडणी १९८६ ची, केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाची. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. राज्य सरकारने २००९ च्या शासन निर्णयात तो वर्णमालेत घेतला. जुन्या मांडणीत त्याची कळ असणे शक्यच नव्हते. सुधारित मांडणीत ती आहे. त्यामुळे ‘ॲप’ आणि जोडून लिहिलेला ‘अ‍ॅप’ डोळ्यांना सारखे दिसले, तरी संगणकाला वेगळे वाटू शकतात. मग शोधूनही नोंद सापडत नाही.

वऱ्हाडाचा संबंध काय?

‘वऱ्हाड’ हा शब्दच घ्या. त्यातला ‘ऱ’ इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि ‘जे’ या कळांवर आहे. साधा ‘र’ वापरला तर ‘वर्हाड’ उमटते आणि ‘शेतकऱ्यांना’चे ‘शेतकर्यांना’ होते. कृषी विद्यापीठाच्या अकोल्यात हा शब्द रोज किती वेळा टाइप होत असेल! समोर कोणती मांडणी आहे हेच ठाऊक नसेल, तर ‘ऱ’ शोधायचा कुठे?

मग उपाय काय?

फाइलचे जुने नाव बदलणे सोपे नाही, कारण इतर प्रोग्राम त्याच नावाने ती शोधतात. पण पडद्यावर दिसणारे नाव बदलता येते. ते ‘मराठी – इन्स्क्रिप्ट – २’ असे तीन भागांचे हवे, आणि देवनागरीत हवे. परीक्षेच्या सूचनेत ‘मराठी युनिकोड’ एवढेच लिहून भागत नाही, कारण युनिकोड ही अक्षरांची संकेतप्रणाली आहे, कळांची मांडणी नव्हे. सूचनेतले नाव आणि पडद्यावरचे नाव अक्षरशः एकच असावे.

मराठी भाषा विद्यापीठ अमरावती जिल्ह्यातच, रिद्धपूरला आहे. भाषा संचालनालयाला सोबत घेऊन ही नावे ठरवण्याचे काम तिथून सुरू होऊ शकते. यात मोठा खर्च नाही. उमेदवाराची मात्र परीक्षेतली मोलाची मिनिटे वाचतील.