गरी किती खोल?

बी. ए.च्या वर्गात समुद्राच्या खोलीचे आकडे मी फळ्यावर बिनदिक्कत लिहीत आलो आहे. पण 2024 च्या ऑक्टोबरात वेंगुर्ल्याच्या मामांबरोबर होडीत बसलो, आणि माझीच गरी पाण्यात किती खोल आहे हे मला सांगता येईना.

मामा आता सत्तरी ओलांडलेले. चालत्या होडीमागे गरी ओढत इसवण (आपल्या बेळगावच्या बाजारातली सुरमई) गरवण्यात त्यांचा जन्म गेला. ट्रॉलरशी याचा गोंधळ करू नका. इथे जाळे नसते. होडीच्या दोन बाजूंना दोन तंगूस, त्यांना शिसे आणि टोकाला गरीवर चकचकीत आमिष. हा मासा पळत्या भक्ष्यामागे धावणारा, म्हणून होडी थांबवायची नाही. आमिष नीट पोहते आहे की त्यात शेवाळ अडकले, हे मामा तंगुसावर बोट ठेवून ओळखत. मधुमेहाने त्या बोटांतली जाणीव गेली. "आता तू धर," एवढेच ते फोनवर म्हणाले होते.

"चाळीस मीटर सोडली," मी ऐटीत सांगितले.

"कितकी सोडलंस ता नको. गरी खंय हा ता सांग."

खरेच होते. होडी चालू असताना पाणी दोऱ्याला मागे आणि वर रेटते. दोरा पाण्याशी पंधरा अंशांचा कोन करत असेल, तर चाळीस मीटर दोऱ्याची गरी जेमतेम दहा मीटर खोल. त्यातही दोऱ्याला बाक येतो, तेव्हा हा हिशेबही पुरा खरा नाही. वेग वाढला की गरी वर येते, शिसे वाढवले की खाली जाते, दोरा जाड असेल तर पुन्हा वर.

मामांचे म्हणणे, गरी वरच ठेव, या दिवसांत तळाला काही नसते. मला तो म्हातारपणाचा हट्ट वाटला. मोठा मासा खोलच असणार! ते सुकाणूवर होते, तेवढ्यात मी दोन्ही तंगुसांना जड शिसे बांधले. दीड तास काही नाही. मामांच्या पैशाचे तेल जळत होते आणि मामा अवाक्षर बोलत नव्हते.

खडकांजवळ त्यांनी होडी वळवली. वळताना आतल्या बाजूची गरी मंदावते आणि बुडते, बाहेरची जोरात ओढली जाऊन वर येते. हिसका बसला तो बाहेरच्या तंगुसाला.

"वर इली मगे," मामा मागे न बघता म्हणाले. शिसे बदललेले त्यांना कधीच कळले होते.

लाज वाटायचे खरे कारण पुढेच आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांचा 2000 साली 'नेचर'मध्ये आलेला लेख मी वर्गात सांगतो. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याजवळ खालचे थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकते. त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा हलका थर बसतो, वरची हवा खाली पोचत नाही, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाजवळचा प्राणवायू जवळजवळ संपतो. सतत पोहणारा मासा तिथे थांबेल कशाला? थंडीत ते पाणी ओसरले की मामाही शिसे वाढवतात. लेख मला पाठ होता, पण होडीत बसल्यावर तो एकदाही आठवला नाही.

शिसे काढल्यावर तीन इसवणी मिळाल्या. चौथी होडीच्या कडेला येऊन सुटली, ती माझ्याच घाईने.

परतताना मामांनी तंगूस माझ्याकडून मागून घेतला. बोटांवर ठेवून पाहिला, मान हलवली, मग तो मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवला. बराच वेळ डोळे मिटून बसले.

"कळता," म्हणाले, "थोडासा."