माळ्यावरची ‘रेंजर’ भंगारात देताय? आधी एवढं तपासा

‘रेंजर’ हे खरं तर हिरो सायकल्सच्या एका मॉडेलचं नाव. पण आपल्याकडे गावोगावी जाड टायरची आणि सरळ हँडलची कुठलीही सायकल ‘रेंजर’च झाली. नव्वदच्या दशकात नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगावच्या शाळांसमोर अशा सायकली लागायच्या. आज त्यातल्या कित्येक गोठ्यात, माळ्यावर किंवा कांद्याच्या चाळीमागे पडून आहेत. एक दिवस भंगारवाला येतो आणि त्या किलोवर जातात.

दुसरीकडे ऑनलाइन जाहिरातींत उलटा प्रकार दिसतो. गंज चढलेली कुठलीही सायकल ‘व्हिंटेज’ म्हणून भलत्या किमतीला लावली जाते. माझं म्हणणं सरळ आहे : या दोन्ही चुका टाळता येतात. त्यासाठी तासभर वेळ, एक टॉर्च आणि मोजपट्टी पुरते.

माउंटन बाइक आली कुठून?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून शर्यती लावायचे. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये याच कामासाठी खास फ्रेम बनवली. १९८१ मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ आली आणि डोंगरात चालवायची सायकल कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागली. ती अमेरिकी कंपनीची, पण तयार झाली जपानमध्ये. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

भारतात हे रूप पोचलं तेव्हा लुधियानाच्या हिरोने, तसंच हर्क्युलिस आणि अ‍ॅटलास या नावांनीही जाड टायरच्या सायकली काढल्या. त्यातल्या बऱ्याच सायकलींना गिअर नव्हते. चेहरा डोंगराचा, आतली रचना मात्र साध्या सायकलीची.

तुमच्याकडची नेमकी कोणती?

स्टिकरवर विश्वास ठेवू नका, तो कुणीही चिकटवू शकतो. पुढच्या गोष्टी बघा.

चुंबक : फ्रेमला चिकटला तर पोलाद, नाही तर अ‍ॅल्युमिनियम. मोठे आकडे लावून विकलेली ‘जुनी स्टील’ सायकल इथंच उघडी पडू शकते.

नंबर : सायकल उलटी करा. क्रँक ज्या आडव्या नळीत फिरतो तिच्या खाली, किंवा सीटच्या नळीवर फ्रेम नंबर ठोकलेला असतो. चिंधीने पुसा, खरवडू नका.

सीटचा पाइप : हा सगळ्यात बोलका भाग. सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास साधारण २८.६ मिलिमीटर असेल आणि आत २७.२ मिलिमीटरचा पाइप बसत असेल, तर नळीची भिंत जेमतेम ०.७ मिलिमीटर आहे. इतकी पातळ भिंत साध्या पोलादाला परवडत नाही. म्हणजे फ्रेम बहुधा क्रोमोलीची, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या मजबूत पोलादाची आहे. पाइप २५.४ मिलिमीटरचा असेल, तर भिंत दीड मिलिमीटरच्या आसपास. ती साधी, जड फ्रेम.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात शिकवलेली एक गोष्ट इथं कामाला येते. पोलाद महाग असो की स्वस्त, त्याची घनता आणि ताठरपणा जवळपास सारखाच असतो. फरक ताकदीत असतो. ताकद जास्त म्हणून नळी पातळ करता येते, आणि नळी पातळ म्हणून सायकल हलकी होते.

सुट्या भागांवरची अक्षरं : शिमानोचे भाग असतील तर मागच्या बाजूला दोन इंग्रजी अक्षरं शोधा. पहिलं वर्ष सांगतं, दुसरं महिना. जुन्या क्रमात ‘ए’ म्हणजे १९७६, ‘के’ म्हणजे १९८६, ‘पी’ म्हणजे १९९१. महिन्यात ‘ए’ जानेवारी आणि ‘एल’ डिसेंबर. २००२ पासून वर्षांची अक्षरं पुन्हा ‘ए’पासून सुरू झाली, म्हणून एकूण रूपही पाहा. शिवाय हे वय त्या भागाचं, सायकलचं नव्हे. भाग मध्ये कधीही बदललेला असू शकतो.

ब्रेक : रिमच्या दोन्ही बाजूंना उभ्या, लांब दांड्यांचे ‘व्ही ब्रेक’ १९९६च्या सुमारास आले. त्याआधी कँटिलिव्हर ब्रेक होते. फ्रेमला आणि चिमट्याला ब्रेकसाठी वेल्ड केलेल्या खुंट्याच नसतील, तर सायकल साध्या प्रकारातली आहे.

वाचवायची की नाही?

आधी फ्रेम तपासा, रंग नंतर. हँडलच्या खाली, पुढची तिरकी नळी जिथं जोडली जाते तिथं खालच्या बाजूने बोट फिरवा. रंगाला सुरकुत्या किंवा फुगवटा असेल, तर सायकल कधीतरी समोरून आदळली आहे. बाजूने पाहून चिमटा मागे गेलाय का ते बघा. सीटचा पाइप काढून नळीत टॉर्च मारा. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या पश्चिम पट्ट्यात पाऊस जोरदार असतो आणि पाणी नळीत उतरून आतून गंज धरतो. वरचा गंज पुसता येतो, भोक पाडणारा गंज नाही. नळीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा. आवाज एखाद्या जागी बसका आला, तर तिथं थांबा.

तडा गेलेली, चिमटा वाकलेली फ्रेम माळशेजच्या उतारावर न्यायची नाही. ती खुशाल भंगारात द्या. इथं भावनेला जागा नाही.

काम कोणत्या क्रमाने?

सुटं करण्याआधी प्रत्येक जोडाचा मोबाइलवर फोटो काढा. अडकलेल्या नट-बोल्टवर गंज सोडवणारं तेल रात्रभर ठेवा. दोन ठिकाणी आटे उलटे असतात : डावं पेडल आणि गिअरच्या सायकलींमध्ये बहुतेकदा चेनच्या बाजूची बॉटमची वाटी. तिथं नेहमीच्या दिशेने जोर लावला की आटे जातात.

क्रोमवरचा गंज अ‍ॅल्युमिनियम फॉइल पाण्यात भिजवून घासला तर निघतो. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरा पडत नाही. संडास साफ करायचं अ‍ॅसिड वापरू नका, ते गंजाबरोबर चांगलं पोलादही खातं. मूळ रंग आणि स्टिकर जेवढे टिकतील तेवढे ठेवा. फ्रेमची ओळख त्यात असते, आणि एकदा पावडर कोटिंग केलं की ती परत येत नाही.

टायर घेताना फसगत होते. ‘२६ x २.१२५’ आणि ‘२६ x १ ३/८’ दोन्ही सव्वीस इंची म्हणवतात, पण एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. टायरच्या कडेला लिहिलेला आकडा बघा. पहिल्याचा ५५९, दुसऱ्याचा ५९०.

पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, ब्रेकमध्ये नाही. पोलादी क्रोम रिम ओली झाली की ब्रेकचं रबर घसरतं. पावसाळ्यात सायकल चालवायची असेल, तर अ‍ॅल्युमिनियमची रिम हा पहिला खर्च असावा. हबची भोकं मोजूनच रिम घ्या.

हिशोब कुठं बसतो?

क्रोमोली फ्रेम असेल तर तिच्यावर खर्च करायला हरकत नाही, मूळ भाग शोधायलाही. साधी रेंजर असेल तर नियम वेगळा : तिला मूळ रूपात आणण्याच्या मागे लागू नका, चालती करा. टायर-ट्यूब, ब्रेक, चेन, बेअरिंगचे छर्रे, ग्रीस आणि मजुरी यांची बेरीज नव्या साध्या सायकलीच्या किमतीच्या निम्म्यावर गेली, तर माझ्या मते थांबावं.

‘त्यापेक्षा सस्पेन्शनवाली नवीनच घ्या,’ असं कुणी म्हणेल. पण स्वस्त सस्पेन्शन म्हणजे बहुतेकदा वजन आणि खिळखिळ. ते बिघडलं तर गावात दुरुस्त होत नाही. साध्या फ्रेमचे भाग मात्र अजून तालुक्याच्या दुकानात मिळतात. नारायणगाव-मंचरच्या सपाटीवर एका गिअरची सायकल पुरते. डिंभे धरणाच्या वरच्या चढांना गिअर लागतातच, तिथं रेंजरचा हट्ट करू नये.

या हिशोबात आपण नेहमी एका गोष्टीवर घासाघीस करतो, ती म्हणजे मजुरी. चाकाचा आऊट काढणं, कोन-वाटी नीट बसवणं, वाकलेला चिमटा ओळखणं ही हाताची विद्या आहे. तिला आपण पंक्चरचा भाव देतो, म्हणून सायकल मिस्त्रीचा मुलगा मोटारसायकलच्या गॅरेजात जातो. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं देखणं संग्रहालय उभं केलंय. ते जरूर बघा. पण संग्रहालय वस्तू जपतं. चाक सरळ करणारा हात टिकवायचा असेल, तर त्याला तालुक्यातच काम मिळायला हवं आणि त्या कामाचे रास्त पैसेही.

म्हणून जुनी सायकल कॅफेच्या भिंतीवर टांगण्यासाठी किंवा ‘व्हिंटेज’ म्हणून विकण्यासाठी नको, चालवण्यासाठी दुरुस्त करा. घरात चालवणारं कुणी नसेल, तर दुरुस्त करून शाळेत चालत जाणाऱ्या एखाद्या मुलीला द्या. भंगाराच्या काट्यावर तिची किंमत काही रुपये होईल. शाळेच्या रस्त्यावर तीच सायकल आणखी कित्येक वर्षं काढेल.